तोट्यातली गाडी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कोल्हापूर,
ता. २० डिसेंबर १९९३

चि. दानेश्वरी हिस,
अ. उ. आ.

पहिलं बक्षीस मिळालं! अव्वाला लगेच सांग, अप्पांना चहा झाल्यावर सांग. वादविवादाचा विषय होता, तोट्यातल्या सरकारी सेवा बंद कराव्यात की नाही. इथे वसतिगृहात सध्या डंकेलचा व्यापार-करार आणि खासगीकरण यांवाचून ताटात भाजीसुद्धा पडत नाही. निम्म्या मुली म्हणतात देश विकायला काढला, निम्म्या म्हणतात चाळीस वर्षांचा आळस जाईल. माझ्या वाट्याला ‘बंद करा’ ही बाजू आली.

आमचे सर म्हणाले, पुस्तकातलं बोलू नकोस, डोळ्यांनी पाहिलेलं सांग. म्हणून मी आपल्या हिरेवाडीची एसटीच मांडली. दुपारी खडखडत येते, पुढच्या बाकावर एक म्हातारा झोपलेला, मागे कोंबड्यांचं डालगं, आणि डिझेल मात्र सगळ्या महाराष्ट्राच्या खिशातून! सभागृह हसून हसून लोळलं. पेपरात नावगावासकट छापून आलंय. कात्रण सोबत धाडते आहे.

बारावीचा अभ्यास कसा चाललाय? अर्थशास्त्रात काही अडलं तर या पंडितेला विचार. अव्वाअप्पांना नमस्कार.

तुझी,
विद्याश्री


हिरेवाडी, ता. गडहिंग्लज,
२७ डिसेंबर

ती. आक्काच्या सेवेशी,
शि. सा. नमस्कार.

कात्रणाच्या आधी पेपरच येऊन पोचला होता. मुक्कामाच्या गाडीवर आलेल्या बाळासो कंडक्टरनं तो कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यानंच बातमी आणली की डेपो तोट्यातल्या गाड्यांची पाहणी करणार आहे आणि जानेवारीत आपल्या गाडीची पाळी आहे. आता सगळं गाव म्हणतंय, बसाप्पाच्या पोरीनं गाडी घालवली. नळावर धोंडुबाई अव्वाला म्हणाली, शिकवा की अजून पोरीस्नी. अव्वा अर्धी घागर घेऊन परत आली.

मला फार भीती वाटते आहे. अप्पा जेवताना म्हणाले, गाडी गेली तर पोरगी एवढ्या लांब चालत जायाची न्हाय, निपाणीच्या पावण्यांस्नी व्हय म्हणून कळवू. तेच तंबाखूवाले, दिवाळीत आले होते ते. मुलगा बरा आहे म्हणतात, मी पाहिलेला नाही. माझी परीक्षा मार्चात आहे.

दुपारच्या गाडीचं तू बोललीस ते खरंच आहे. पण सकाळच्या गाडीचं का नाही बोललीस? सकाळी आम्ही मुली गडहिंग्लजच्या कॉलेजला दाराला लोंबकळत जातो.

लोभ असावा.

तुझी धाकटी,
दानेश्वरी


कोल्हापूर,
३१ डिसेंबर

चि. दानेश्वरी हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. तशीच सरांकडे धावले. ते हसून म्हणाले, एका मुलीच्या भाषणानं सरकारचं धोरण ठरत असतं तर मी कधीच मंत्री झालो असतो. ही पाहणी जिल्हाभर चालली आहे म्हणे. मला त्यानं काडीचंही बरं वाटलं नाही. ज्यावर टाळ्या घेतल्या तेच आपल्या दारात येऊन उभं राहिलंय. सकाळच्या गाडीचं बोलले असते तर लोक हसले नसते, म्हणून बोलले नाही. बक्षिसाचा पेला ट्रंकेत तळाशी घातलाय, बघवत नाही.

अप्पांना वेगळं पत्र लिहिलंय. परीक्षेपर्यंत निपाणीला काही कळवू नका म्हणून त्यात पाया पडले आहे. पाहणीच्या दिवसांत तुम्ही सगळ्या मुली गाडीला हजर राहा. ताप येवो, घरी कार्य असो, चुकवू नका. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे.

जीव तुझ्यापाशी आहे.

विद्याश्री


हिरेवाडी,
८ जानेवारी १९९४

ती. आक्काच्या सेवेशी,
शि. सा. नमस्कार.

इथे उलटंच ठरलं. काल बसवण्णाच्या देवळात बैठक झाली. पाहणीत रोख तिकिटंच धरतात, पासवाल्या पोरी म्हणजे नुसतं ओझं, असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून सोमवारपासून आठवडाभर तिकीट काढणाऱ्यांनी गाडी भरायची आणि आम्ही घरी बसायचं. गाडी आमच्यासाठीच हवी ना, असं मी पायरीवरून ओरडून विचारलं. अप्पा म्हणाले, गाडी गावाची हाय.

काम असो नसो, म्हातारी माणसंसुद्धा गडहिंग्लजला जाऊन येणार आहेत. धोंडुबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलंय. सगळ्यांना जत्रेचा हुरूप चढलाय आणि मला भलतीच धास्ती लागली आहे. मी घरात दिसायची सवय अप्पांना लागली तर काय करू?

लोभ असावा.

तुझीच,
दानेश्वरी


कोल्हापूर,
१२ जानेवारी

चि. दानेश्वरी,

घाईत कार्ड टाकते आहे. इथे स्टँडवर जाऊन चौकशी केली. पाससुद्धा धरतात! बैठकीत कुणी विचारलं कसं नाही? हे मिळताच सगळ्या जणी गाडीत बसा. कार्ड वेळेवर पोचेल ना?

विद्याश्री


गडहिंग्लज,
१७ जानेवारी

ती. आक्काच्या सेवेशी,
शि. सा. नमस्कार.

तुझं कार्ड शनिवारी आलं. पाहणी आदल्या दिवशीच संपली होती. जाताना डेपोच्या माणसानंच बाळासोला विचारलं की या गावात एवढ्या पोरींचे पास आहेत, त्या गेल्या कुठं? कट्ट्यावरचे सगळे आपापली पायताणं शोधू लागले. पण गाडी चालू राहील असं तो सांगून गेला आणि लोकांनी गुलाल उधळला.

त्याच संध्याकाळी अप्पा अव्वाला म्हणाले, आठवडाभर पोरगी घरात व्हती, कुणाचं काय अडलं? निपाणीचे पाहुणे येत्या रविवारी येणार आहेत. तुझ्या पत्राचं मी विचारलं. ते म्हणाले, भाषणं करणारीनं आम्हाला शिकवू नये.

आज सकाळी अव्वानं मला मागच्या दारानं सोडलं. थांब्यावर अप्पा उभेच होते. गाडी गच्च भरली होती, गावाला आता जायची चटक लागली आहे. पायरीवर पाऊल मावेना, कुणी सरकेना. शेवटी धोंडुबाईनं माझं मनगट धरून मला आत ओढलं आणि बाळासोला म्हणाली, घंटी मार की रं! चारचौघांत अप्पांनी मला अडवलं नाही. त्यांच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

हे कॉलेजच्या वाचनालयात बसून लिहिते आहे. अक्षर घाईचं आहे, हसू नकोस. तास संपले की याच गाडीनं परत जायचं आहे. गावाला दुसरी गाडी नाही आणि मला दुसरं घर नाही. उतरल्यावर अप्पा काय म्हणतील ते डोळ्यांपुढून हलत नाही.

लोभ असावा असं दर वेळी लिहिते. या वेळी तो कोल्हापुरात ठेवू नकोस, रविवारच्या आत तूच तो घेऊन घरी ये.

तुझी,
दानेश्वरी