बिननावाची मूठ

नवागाम, सुरत
श्रावण, १९९८

प्रिय योगिता,

आधी आनंदाची बातमी सांगून टाकते, कारण पुढे तिच्यासाठी जागा उरणार नाही. माझं पुस्तक छापून आलं. पुण्याहून पार्सल आलं तेव्हा मी साड्यांवर टिकल्या चिकटवत बसले होते आणि सही करताना पोस्टमनच्या कागदालाही दोन टिकल्या चिकटून गेल्या. मुखपृष्ठावर एक बाई किंचाळते आहे, केस मोकळे, नखं ही एवढी लांब. तसली नखं ठेवून आपल्या चाळीत एक साडीसुद्धा पुरी व्हायची नाही. नाव मी ठेवलं होतं 'रोट', प्रकाशकांनी केलं 'काळ्या बीमचं रहस्य'. पुस्तकात सूत गुंडाळलेला बीम आहे खरा, पण तो काळा कुठेच नाही. आणि लेखकाच्या जागी छापलंय 'व्ही. वाल्मिक', व्ही माझा आणि वाल्मिक ह्यांचं. खुनाची कादंबरी बाईच्या नावावर खपत नाही, असं त्यांनी कळवलं होतं. त्यामुळे सध्या चाळीत सगळे ह्यांना अडवून चहा पाजतात आणि आमचे हे, ज्यांनी रेशनकार्डाच्या अर्जापलीकडे आयुष्यात काही लिहिलं नाही, मान खाली घालून तो चहा पितात. मी हसले, थोडी जळलेही. मग दार लावून पहिलं पान उघडलं, शाईचा वास घेतला आणि मनसोक्त रडले. तू हवी होतीस गं.

तुझी प्रत सोबत पाठवते आहे. पण हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय शेवटच्या प्रकरणाला हात लावू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे. आणि हे एकटी असशील तेव्हाच वाच. मी खिडकीशी बसून लिहिते आहे. दोन दारं सोडून ओट्यावर आमच्या चुलतसासू मालतीबाई तांदूळ निवडत बसल्या आहेत, पण सकाळपासून त्यांचं ताट आहे तसंच आहे आणि डोळे माझ्या दारावर. कागदावर मी साडी पसरून ठेवली आहे. कुणी डोकावलं तर टिकल्या लावते आहे असं दिसावं.

आठवतं, त्या लायब्ररीवाल्याकडून आपण भाड्याने रहस्यकथा आणायचो? मी वाचायचे, तू टिकल्या लावता लावता ऐकायचीस आणि अर्ध्यातच सांगून टाकायचीस की खुनी मॅनेजर आहे. मी चिडायचे, पुढची पानं चाळायचे, आणि मॅनेजरच निघायचा. तूच म्हणाली होतीस, ह्यांच्यापेक्षा तू बरं लिहिशील, वत्सला, तुझ्या पोटात काही राहत नाही पण शेवट मात्र राहतो. पुस्तक मी तुला अर्पण केलं होतं. ते पान प्रकाशकांनी गाळलं. कागद महाग झालाय म्हणे.

तू गाव गाठलंस त्यानंतर दुपार जाता जाईना म्हणून मी लिहायला बसले. तुझ्या घरावर जे कोसळलं त्यावर एक ओळही लिहायची नाही, असं ठरवलं होतं. पण आज ते लिहावंच लागतंय. प्लेगच्या त्या दिवसांत मालतीबाईंच्या लेकाने, निंबाने, मागाच्या खात्यात मुकादमाच्या डोक्यात लोखंडी दांडा घातला, ते तुझ्या नवऱ्याने, चिंधाभाऊंनी, डोळ्यांनी पाहिलं. निंबाला धरायला तेच धावले, तो झटापट करून पळाला, आणि मुकादमाला उचलून रिक्षात घातलं तेही त्यांनीच. त्यांच्या सदऱ्यावर रक्त लागलं ते तेव्हा. मुकादम गेला. पोलीस निंबाला शोधायला लागले आणि तेवढ्यात सगळी सुरत पळत सुटली. उधना स्टेशनवर डब्याच्या टपावरसुद्धा जागा नव्हती. तू मला खिडकीतून आत ढकललं होतंस. ज्यांनी खरं पाहिलं ते सगळे गावी गेले. इकडे रिकाम्या सुरतेत खाडीत एक फुगलेलं प्रेत मिळालं, तोंड ओळखू येईना. मालतीबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, हा माझा निंबा. दहन घाईत उरकलं. मुकादमाचा खुनी मेला, ती फाइल मिटली. मग निंबाला कुणी मारलं हा प्रश्न निघाला, कुणीतरी झटापटीचं सांगितलं, सदरा सापडला. तुझ्या नवऱ्याला जन्मठेप झाली ती त्या एका ओळखीवर.

आता माझ्या पुस्तकाचं सांगते. त्यातली गुप्तहेर आहे चक्कीवाली सरूबाई. कानबाईचे रोट काय असतात ते तुला सांगायला नको, पण पुण्याच्या प्रकाशकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं म्हणून मी अर्धं पान वाढवलं. श्रावणातल्या रविवारी घरात कानबाई देवी बसवतात, आदल्या दिवशी भाऊकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, तान्ह्या बाळाचीही घेतात. चक्की धुऊन ते दळतात, आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्याच्या तोंडी घास जात नाही. मेलेल्या माणसाची मूठ कुणी घेत नाही आणि जिवंत माणसाची कुणी चुकवत नाही, कारण चुकवली तर त्याच्या जिवावर बेततं अशी धास्ती. माझ्या कादंबरीत एक आई बेपत्ता मुलाला मेलेला म्हणते, पण त्याची मूठ घेते. दळण मापात जास्त येतं आणि सरूबाई ओळखते की पोरगा जिवंत आहे. प्रकाशकांना हे फारच आवडलं. कुठून सुचलं, असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, सुचलं असंच.

तसं सुचलं नव्हतं. आमच्या भाऊकीची कानबाई मालतीबाईंकडे बसते आणि सूप धरायला दरवर्षी मी असते. निंबा गेल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणात त्यांनी एकेकाचं नाव घेत मुठी टाकल्या आणि शेवटी एक मूठ टाकली, नाव न घेता. पुढच्या वर्षीही तेच. देवाशपथ सांगते, मला त्यात आईचं दुःखच दिसलं. वेड्या मायेने घेत असेल, म्हटलं, आपण का बोला. आणि गोष्टीला उपयोगी पडेल म्हणून ते उचललं. आपण लिहिणारे लोक असे असतो, कुणाच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा कामाला लावतो.

पुस्तक आल्यावर चाळीत वाचनं सुरू झाली. मालतीबाईंना वाचता येत नाही. नात शीतल त्यांना रोज थोडं वाचून दाखवायची आणि त्या माझी चेष्टा करायच्या की मुकादमाला शिव्या बऱ्या घातल्यास. शेवटचं प्रकरण वाचलं गेलं त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग कानबाईचा शनिवार आला. मी सूप धरलं. एकेक नाव झालं, वाल्मिकचं झालं, महेशच्या बाळाचं झालं. त्यांचा हात पुन्हा गव्हात गेला, मूठ भरली, वर आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि योगिता, त्यांनी ती मूठ हळूहळू उघडली आणि गहू परत पोत्यात सोडून दिला. दुःखाने घेतलेली मूठ एका गोष्टीच्या पुस्तकाला भिऊन कुणी का सोडेल? तू असतीस तर तेव्हाच ओळखलं असतंस.

रविवारी मी माझ्या वाट्याचे रोट तसेच ठेवले. मालतीबाईंनीही आपल्या वाट्याचे खाल्ले नाहीत. धुतल्या फडक्यात बांधून ठेवले. सोमवारी कानबाई विसर्जनाला पोहोचवून आलो आणि मंगळवारी सकाळी त्या ते गाठोडं घेऊन निघाल्या. कामरेजच्या देवळात नवस आहे, हे आम्ही दर श्रावणात ऐकत आलोय. ह्या खेपेला ते माझ्या कानाला टोचलं. कामरेजला आमचं कुणी भाऊबंद नाही, मग हे रोट कोण खाणार? मी ह्यांना डबा दिला, दाराला कडी घातली आणि मागे निघाले. पर्वत पाटियापर्यंत रिक्षात, पुढे जीपमध्ये. त्या पुढच्या जीपमध्ये होत्या. पदर डोक्यावरून ओढून घेतला होता तरी मला वाटत होतं की सगळा रस्ता मला ओळखतो. कादंबरीत सरूबाई असा पाठलाग करते तेव्हा मी तिला फार धीट दाखवलंय. मला तर ड्रायव्हरने दोनदा विचारलं, बेन, तबियत तो ठीक छे ने?

हायवेच्या बाजूला ट्रकच्या टायरांचं एक दुकान आहे, मागे पत्र्याची शेड. मालतीबाई सरळ मागे गेल्या. मी टायरांच्या ढिगाआड थांबले. शेडच्या दारात एक दाढीवाला माणूस उकिडवा बसला, त्यांनी फडकं सोडलं, आणि त्याने पहिला तुकडा मोडून आधी कपाळाला लावला. दाढीतून मला चेहरा ओळखता आला नसता. पण मुकादमाशी आधी एकदा झालेल्या भांडणात निंबाच्या उजव्या कानाची पाळी तुटली होती, आणि हळद मीच लावली होती. ती तुटकी पाळी मला तिथून दिसली. त्यानेही मला पाहिलं. तो उठला, आईने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं, खा म्हणाली, आणि माझ्याकडे चालत आली. मला वाटलं, ती आता ओरडणार, शिव्या घालणार, नाहीतर पाया तरी पडणार. तिने यातलं काही केलं नाही. ती एवढंच बोलली:

"मन्हा जित्ता पोऱ्यानी मूठ औंदा मी सोडी दिनी, तुन्हा पुस्तकना धाकमुये. आते सांग, तुन्हा पुस्तकमा त्या पोऱ्याले फाशी व्हस का?"

योगिता, त्या पोराला फाशी होते की नाही? माझं पुस्तक तिथवर जातच नाही. सरूबाई गुपित उलगडते, चक्की बंद करते आणि घरी जाते. त्या आईचं पुढे काय होतं ते मी लिहिलंच नाही. मालतीबाईंनी मला पौर्णिमेपर्यंत थांब म्हणून सांगितलं. सोडलेल्या मुठीचं अरिष्ट निंबाला पौर्णिमेपर्यंत आईच्या हातचे रोट खाऊ घातल्याने टळेल, असं त्यांनी मनाशी धरलंय. तोवर त्या त्याला कामरेजहून हलू देणार नाहीत आणि त्यानंतर तो भिवंडीकडे निघून जाईल. चिंधाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, असंही त्या म्हणाल्या, आणि ते मला खरं वाटलं. प्रेताला आपला मुलगा म्हटलं की मुलगा सुटतो, एवढंच त्यांनी पाहिलं. माझ्या लग्नात माझी ओटी ह्याच बाईने भरली होती. परत येताना आम्ही दोघी एकाच जीपमध्ये, शेजारी शेजारी बसून आलो.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. निंबा ह्यांचा चुलतभाऊ, दोघे एका ताटात जेवून वाढलेले. हे म्हणाले, भाऊकी ह्यापुढे आपल्याला कानबाईला बोलावणार नाही, आपल्या मुलाची मूठ कुणी घेणार नाही, आणि निंबाच्या गळ्यात दोर पडला तर तो आपण टाकलेला असेल. मी म्हटलं, खरं आहे. आणि नाही बोललो तर? सकाळी हे कामावर गेले नाहीत. मला कागद आणून दिले आणि म्हणाले, "पुस्तकवर मन्हं नाव गयं. यावर तुन्हं टाक." मालतीबाई माझ्या दारावर नजर ठेवून आहेत, ह्यांच्यावर नाही, म्हणून हे पत्र ते स्वतः, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून, आजच्या गाडीने तुझ्याकडे आणत आहेत.

तर पत्र लिहायचं कारण हे. तुला खुशाली कळवायला ते लिहिलेलं नाही, तुझ्या हातून ते वकिलांकडे जायला हवं. निंबा जिवंत आहे. मी त्याला मंगळवारी कामरेजला रोट खाताना पाहिलं. पौर्णिमेच्या आत वकिलांना घेऊन ये. ठिकाण तुला हे सांगतील, आणि मी सोबत चालेन. तो निसटला तरी मी कोर्टात उभी राहीन आणि हेच बोलेन. चिंधाभाऊंना तुरुंगात भेटशील तेव्हा सांग की त्यांच्या सदऱ्यावरचं रक्त कुणाचं होतं ते आता सांगणारं आणखी एक माणूस आहे. ओट्यावर अजून तांदूळ निवडणं चाललंय. पत्र गेलं की मी तिथे जाऊन बसणार आहे, मालतीबाईंच्या शेजारी, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही हे त्यांना सांगणार आहे. मी हे लिहून पाठवलं, हेही मीच सांगेन. दुसऱ्या कुणाकडून त्यांनी ते ऐकू नये. खाली नाव पुरं लिहिते आहे, म्हणजे वकिलांना शोधावं लागणार नाही.

तुझीच,
सौ. वत्सला वाल्मिक पाटील
मु. नवागाम, सुरत