गाळलेलं गाव

अब्बा, आज माझ्या एका विद्यार्थिनीने नको असलेल्या नोंदी तक्त्यातून गाळलेल्या सापडल्या. रागवायला तोंड उघडलं आणि तुमची आठवण झाली.

तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. जो तो डॉक्टर व्हायला निघालेला, आणि गवंड्याची मुलगी बीएस्सीला भूगर्भशास्त्र घेऊन बसलेली. लोक हसायचे. तुम्ही म्हणायचात, "दगडाचंच शिकायली ना? मंग घरचाच धंदा हाय." भूकंपात दगडमातीच्या भिंती का पडल्या, हा माझा विषय, खरं तर तो तुम्हीच शिकवलात. इंजिनिअर लोक गवंड्यांना नवं बांधकाम शिकवायला आले, तेव्हा पन्नाशीतले तुम्ही पोरासोरांच्या शेजारी मांडी घालून बसलात. घरी येऊन ओट्यावर भिंतीच्या दोन बाजू म्हणून बटाट्यांच्या दोन रांगा मांडल्यात, मध्ये डाळीची चुरी भरलीत आणि धक्का देऊन रांगा कशा फाकतात ते दाखवलंत. मग दोन्ही रांगांना धरणारा एक मुळा आडवा ठेवलात. "असा लांब दगड आमी टाकतच नव्हतो, बेटा." अम्मी मुळ्यासाठी ओरडत राहिली.

नांदेडच्या परिषदेत निबंध वाचणारी पदवीची विद्यार्थिनी मी एकटीच. बक्षीस मलाच, असं आमचे सर सकाळपासून म्हणत होते. तुम्ही माझ्यासोबत एसटीनं आला होतात, इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसला होतात. मी गावांची यादी पडद्यावर दाखवते, निष्कर्ष वाचते, आणि प्रश्नांच्या वेळी तुम्हीच उभे राहता. एका गावाचं नाव घेऊन विचारता, "तिथली घरं बी मोजली व्हती तुमी. यादीत का न्हाईत?" "आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं. "गवंडी. ती घरं माझ्या हातची. लई माणसं गेली तिथं. लांब दगडाचं मला ठावं नव्हतं, पर भिंत माझीच. ती लिहा साहेब, न्हाईतर पोरीचं काम अर्धं ऱ्हाईल." आवाज चढला नाही, मानही खाली गेली नाही. इतकं धाडस मी नंतर कुठल्याच व्यासपीठावर पाहिलं नाही. मी वही उघडली आणि ती घरं एकेक करून वाचली. बक्षीस दुसऱ्याला गेलं.

परतीच्या बसमध्ये तुम्ही डब्यातली पोळी माझ्या हातात दिलीत. "बापाला झाकाया गेली व्हय, येडी." मी हो म्हणून मान हलवली. ते खोटं होतं, अब्बा. तुमची अब्रू माझ्या ध्यानीमनीही नव्हती. त्या गावावर प्रश्न निघाले आणि त्या भिंती बांधणाऱ्याची मी मुलगी, हे कळलं तर बक्षीस हातचं जाईल, या भीतीनं मी ते गाव गाळलं होतं. आणि तुम्ही भर सभेत गवंडी म्हणालात, हिचा बाप म्हणाला नाहीत. तुम्ही हयात होतात तेव्हा हे सांगायला कितीतरी वर्षं होती. सांगितलं नाही. तुमच्या लेखी बापाला झाकणारी येडी होऊन राहणं मला फार आवडत होतं.