मोड आलेला कांदा

मंगळवार, संध्याकाळ

श्रद्धाने आज प्रदर्शनातून स्वतःचं नाव काढायला सांगितलं. तेच डोक्यात घोळतंय.

चित्रकलेच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं म्हणजे आधी शिस्त, असं मी मानते. ही मुलगी चांदवडची. तिने कोड लिहून घरच्या कांदे साठवायच्या चाळीचं चित्र काढलं होतं. प्रत्येक कांद्यासाठी वेगळी ओळ, वेगळा आकार, आणि एकाला हिरवा मोड. "अगं, एकदा लिहून शंभरदा चालवायला लूप असतो ना?" म्हणत मी वर्गासमोर तिच्या ओळी पुसल्या आणि चार ओळींत चाळ भरून दाखवली. सगळे कांदे सारखे. मागून कुणीतरी ओरडलं, "श्रद्धा, तुझा माल एक्स्पोर्टचा झाला की!" वर्ग हसला. मीही.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

"मॅडम, चित्र लावा. नाव नका लावू."

"का गं?"

"आमच्या चाळीत असे कांदे नसतात. हे तुम्ही काढलंय."

"तुझं जुनं असेल ना?"

"तुम्ही त्याच्यावरच सेव्ह केलंत."

खरं होतं. शिस्त शिस्त करते, आणि कॉपी ठेवली नाही. पण बोचतंय ते वेगळंच. आत्ता कुकर लावताना लक्षात आलं, लूप ठेवूनही तो मोड राहिला असता. फक्त एक अट घालायची होती: हा कांदा आला की त्याला मोड दाखव. एवढंच.

उद्याच्या तासाला तेच शिकवायचंय. उदाहरणाला कांदा घ्यायची माझी हिंमत नाही.