आईच्या डोक्यातला आजार

४ फेब्रुवारी

मी प्रसिद्ध झाले! दुपारी ओपीडी आटोपून चहाला गेले तर सगळ्यांची तोंडं एकदम बंद. शेवटी धाकट्या डॉक्टरने मोबाइल पुढे केला. त्यात मीच. दाराच्या फटीतून कुणीतरी टिपलेली, पाठमोरी, पण आवाज शंभर टक्के माझा. "तुमच्या मुलीच्या पोटात काही नाही. आजार तुमच्या डोक्यात आहे." मग एक बाई रडते, दार आपटतं, संपलं.

बोलले मी तसं, परवा. सहा वर्षांची मुलगी. अधूनमधून पोट दुखतं, फुगतं, वजन मागे. गव्हाने आतडं खराब होणारा आजार असेल म्हणून नोव्हेंबरात रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचे तुकडे काढले. सगळं स्वच्छ. तरी आईने आपल्या मनाने गहू बंद केला आणि आता येऊन मलाच सांगते, "पोरगी सुधारलीय, म्हणजे आजार आहेच." कुठेतरी वाचून आलेली. हल्ली घरोघर हे खूळ आहे — मुलं उगाच अर्धपोटी राहतात. वाक्य कडक होतं. चूक नव्हतं.

६ फेब्रुवारी

मोठ्या जाऊबाईंचा फोन. "अगं, बातम्यांत दाखवलं तुला! केस तरी विंचरायचेस!" पाठमोरी असल्यामुळे तेवढंच दिसलं म्हणे.

९ फेब्रुवारी

मुलीच्या आईने रीतसर तक्रार केली. चौकशी समिती नेमली. अधिष्ठात्यांनी बोलावून समजावलं — "दोन ओळींची माफी लिहा, विषय मिटेल." म्हटलं, माफी चुकीची मागतात, बरोबरची नाही. "मॅडम, ताठ्याने खातं चालत नाही."

निकाल विरोधात गेला तर विभागप्रमुखपद जाईल, कदाचित काही काळ परवानाही. लहान मुलांच्या पोटाचं हे खातं मी सुरू केलं तेव्हा दोन खाटा होत्या आणि मोठ्यांच्या विभागातून मागून आणलेली दुर्बीण. आता सोडावं लागलं तर काय वाटेल, असं स्वतःला विचारून पाहिलं. फारसं काही वाटलं नाही. खोटं असावं ते.

१५ फेब्रुवारी

ओपीडी रोडावली. एका बापाने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, मुद्दाम मला दिसेल असा. "बंद आहे हं, डॉक्टर." म्हटलं, चालू ठेवा की, आज मी गोड बोलणार आहे. त्याला हसू येईना आणि मला थांबेना.

धाकटी डॉक्टर सुचवते, निदान तुमचा तो नियम तरी सैल करा, लोकांना बरं वाटेल. नियम असा : मुलाबरोबर आत एकच मोठं माणूस, बाकीचे बाहेर बाकावर. पूर्वी अख्खं घर आत शिरायचं. आई एक सांगणार, आत्या दुसरं, काका तिसरंच, आणि मूल भोकाड पसरणार. एका तोंडून ऐकलं की निदानाला फाटे फुटत नाहीत. मला पाठीमागे 'एक खिडकी' म्हणतात, ठाऊक आहे. म्हणोत. नियम राहील.

२२ फेब्रुवारी

नवरा "मी काही बोलतच नाही" म्हणून जेवण संपेपर्यंत बोलला. सार : हट्टी आहेस.

मग लेकीचा फोन. "आई, बरोबर असणं वेगळं आणि नीट बोलणं वेगळं गं." हे मात्र झोंबलं. ती बोलत राहिली, मी भांडी पुसत राहिले.

३ मार्च

समितीपुढे. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, एसी इतका की सगळेच आखडून बसलेले. समोर मुलीची आई. साधी, इस्त्रीच्या कपड्यांतली. सकाळी लवकर कामावर जाते, मुलीला दिवसभर सासूबाई सांभाळतात. तिचा नवरा शेजारी बसला नाही, मागच्या रांगेत बसला.

मला मुद्द्याचं विचारलं. तपासणीच्या आधी मुलगी गहू खात होती, याची खात्री केली होती का? कारण गहू बंद असेल तर आतडं भरून येतं, आजार असला तरी सापडत नाही. म्हटलं, आईला स्वतः विचारलं होतं : पाव, बिस्किटं, सगळं चालू आहे ना? आई लगेच म्हणाली, "हो, विचारलं होतं त्यांनी. आणि खात होती ती." स्वतःच्या विरुद्ध जाणारं उत्तर, तरी दिलं. प्रामाणिक बाई.

निघताना जिन्यात गाठलं तिने. "मला तुमची नोकरी नाही घालवायची. पण तुम्ही ते बोललात आणि घरात माझं कुणी ऐकेनासं झालं. मी काही म्हटलं की सगळे डोक्याला बोट लावून दाखवतात." वाईट वाटलं.

१० मार्च

आतड्याच्या तुकड्यांच्या काचपट्ट्या बाहेरच्या तज्ज्ञाकडे फेरतपासणीला गेल्या. झोप लागते, हे विशेष!

२० मार्च

सुटले! बाहेरच्या तज्ज्ञाचाही तोच निर्वाळा — आतडं निरोगी. बोलण्याबद्दल समज, बाकी निर्दोष. अधिष्ठाते म्हणाले, "मला खात्री होतीच." होती तर! वॉर्डातल्यांनी केक आणला. धाकटी डॉक्टर सुरी हातात घेऊन : "गव्हाचाच आहे हं, मॅडम!" सगळे खो खो हसले. मीही. आनंद झाला, भरपूर झाला, उगाच कशाला लपवा.

२३ मार्च

ओपीडीच्या शेवटी मुलीच्या आजी आल्या. एकट्याच, अभिनंदनाला. "सुटलात, फार बरं झालं. मी सुनेला पहिल्यापासून सांगत होते. आता तिचं तोंड बंद. तुम्ही तिला सुनावलंत त्या दिवसापासून पोरीला समोर बसवून पाव भरवते दोन्ही वेळा, रडली तरी सोडत नाही."

रडते?

"पोट दुखतं म्हणते. नखरे! मीच लाडावली. गेल्या वर्षी दुखतं म्हणाली की मला बघवायचं नाही. पाव, बिस्किटं, सगळं बंदच केलं होतं मी तिचं. उन्हाळा सरल्यापासून ते तुम्ही नळी घातलीत तोवर. रात्री आमच्यात भातच असतो, सुनेला पत्ताही नाही. मग तुम्ही म्हणालात काही नाही, तेव्हा केलं परत सुरू."

मला का नाही सांगितलंत?

"मला कुठे विचारलंत? मी बाहेर बाकावर होते ना!"

म्हटलं, उद्या मुलीला घेऊन या, रक्त परत तपासायचं आहे. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "आता कशाला? सुटलात ना तुम्ही?"

२४ मार्च

कुणी आलं नाही. आई फोन उचलत नाही — का उचलावा? अधिष्ठात्यांना सांगितलं, निकाल चुकलाय, समिती पुन्हा बसवा. त्यांना थट्टाच वाटली. आता मुलीच्या घरी निघते आहे. दार उघडलं नाही तर बाहेर थांबेन.