भिजत घातलेले गहू

१२ एप्रिल, रविवार

गहू भिजत घातले. चार किलो. कुरडयांचे.

ह्यांना लातूरला दवाखान्यात नेऊन दोन दिवस झाले. मंगळवारी छाती उघडणार. जवळ एकालाच राहू देतात, म्हणून पोरगा हनुमान तिथं आन मी इथं. सकाळपासून घर खायला उठलं होतं. मग गहू काढले, निवडत बसले. दोन तास कसे गेले, कळलं नाही!

१३ एप्रिल, सोमवार

पाणी बदललं. तेवढ्यात थोरली जाऊ केसरबाई आली. पातेलं बघितलं आन तोंडच उतरलं तिचं.

"सत्यशीला, येडी का खुळी तू? नवरा तिकडं असा, आन तू वाळवण मांडलंस? काही इपरीत झालं तर ते कुठं टाकशील?"

मयत झालेल्या घरात वर्षभर कुरडया-पापड करत नाहीत — मला काय ठाऊक नाही? पण भिजवताना मनात आलंच नाही. खरंच नाही आलं.

"बाई, तुमच्या दिराला आवडतात म्हणून भिजवलेत."

फणकाऱ्यानं गेली. मग मी पातेलं उचलून कोपऱ्यात, नजरेआड ठेवलं.

१४ एप्रिल, मंगळवार

ऑपरेशन झालंच नाही! साखर वाढली म्हणे. आता गुरुवारी. हनुमान फोनवर सारखं एकच — "माय, तू जेवलीस का?"

चीक पण गुरुवारीच शिजवायला येतो. थांबावं तर आंबून जाईल.

एक दाणा बोटात दाबला. पांढरं दूध निघालं. बरं वाटलं. अशा वेळी बरं वाटणं पाप तर नाही ना?

१५ एप्रिल, बुधवार

गहू वाटले, फडक्यातून गाळले. चोथा म्हशीला घातला. वाटताना डोक्यात काही नव्हतं — कमरेतली कळ तेवढी.

संध्याकाळी ह्यांचा फोन. आवाज लई बारीक.

"काय करायलीस?"

खोटं बोलवेना. "कुरडया."

मग म्हणाले, "वाटीभर चीक काढून ठेव."

१६ एप्रिल, गुरुवार

नऊला ह्यांना आत नेलं. नऊलाच मी आधण ठेवलं. एकानं चीक ओतायचा, एकानं हाटायचा — एकटीनं गुठळ्याच होतात. पण असल्या दिवशी ह्या कामाला कोण हात लावणार?

मागून कुणीतरी हातातलं हाटायचं लाटणं ओढून घेतलं. केसरबाई! काखेत तिचा सोऱ्या.

"सरक तिकडं. गुठळ्या झाल्या तर माझा दीर मलाच बोलंल."

गच्चीवर लुगड्यावर कुरडया घातल्या. परळीच्या वीजकेंद्राकडून राखेचा वारा सुटला. ह्यांचं धोतर वरून पसरलं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. बारा वाजले. एक वाजला. फोन नाही. केसरबाई ओल्याच कुरडया उलटत होती. मोडत होत्या! मी मोडके तुकडे बाजूला सारले.

सव्वादोनला फोन वाजला. मला बटण दाबता येईना. तिनं दाबलं.

"माय, झालं. चांगलं झालं."

केसरबाई तिथंच उन्हात बसली आन पोरीसारखी रडली. मी दगड नीट करत राहिले.

ह्यांच्यासाठी काढलेल्या वाटीतला चीक घट्ट झाला होता. कावळ्याला नाही घातला! मीच खाल्ला.

२५ एप्रिल, शनिवार

हे घरी आले. कागदावर लिहिलंय — तळलेलं बंद, मीठ कमी. कायमचं! आन फडताळात दोन डबे कुरडया. केसरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. हे डब्यांकडं बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "पुढल्या साली गहू जरा कमी भिजव."

पुढल्या साली म्हणाले!