लाल-काळ्या तारांचा पीळ

बा, दोर वळणारं दुसरं कुणी माझ्या ओळखीत उरलं नाही, म्हणून हे तुलाच सांगते आहे.

आम्ही हल्ली धरणाच्या पाण्यावर राहतो. हसू नको. पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या माशांची राखण मच्छीमार संस्थेनं आम्हा दोघांवर सोपवली आणि सोबत बॅटरीवर चालणारी बोट दिली. धूर नाही, आवाज नाही. छपरावर सोलरच्या पाट्या, मागे मोटर, फळीखाली बॅटऱ्या आणि त्याच फळीवर आमचं अंथरूण. तुझे जावई तर किराणा आणण्यापुरतेच काठावर उतरतात. त्यांना तू पाहिलंच नाहीस. आडदांड माणूस, पण माशांना खाणं टाकताना त्यांच्याशी लेकरांसारखं बोलतो.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना पिंजऱ्यापाशीच चक्कर आली. अकोल्याला नेलं, छातीत पेसमेकर बसवला. निघताना मीच डॉक्टरांना विचारलं, आम्ही बॅटरीच्या बोटीत झोपतो, चालेल का? ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, सहसा काही होत नाही, पण बॅटरी, चार्जर, मोटर यांच्यापासून छाती हातभर तरी लांब हवी, आणि जाड तारांच्या मधोमध झोपू नका. चुंबकाच्या जोरानं यंत्र फसू शकतं. बाहेर आल्यावर तुझे जावई उखडले. "पाण्यावरून उतरवलं त मी तसाच मरून जाईन वं. घरी बसून काय करू, भिंती पाहू?" मला तर त्यांना घरात घालून बाहेरून कडी लावावीशी वाटत होती.

बोटीवर एकटीच आले आणि मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं. पुढच्या टोकाला सुई नीट उत्तर दाखवत होती. अंथरुणावर ठेवलं तर भलतीकडेच वळली. भर दुपार होती, पाट्या बॅटऱ्या भरत होत्या. फिटरला बोलावलं. त्यानं फळी उचलली आणि कपाळावर हात मारला. जाळ्याचे दोर जसे दोन काठांनी ओढून बांधतात, तशी तुझ्या जावयांनी लाल तार अंथरुणाच्या एका अंगानं आणि काळी दुसऱ्या अंगानं नेली होती. कोळ्याच्या हाताला तीच सवय. "ताई, तुमी तारायच्या वेढ्यातच झोपून राह्यले," फिटर म्हणाला. "दोघीले एकमेकीवर पीळ देऊन न्या लागते. एकीचा जोर दुसरी खाऊन टाकते."

मी तिथेच खाली बसले. डोळ्यांसमोर आपलं जुनं अंगण. मलकापूरच्या बाजाराला दोर न्यायचे आहेत आणि तू अंबाडीचे दोन पेड माझ्या हातात देतो आहेस. मी एकालाच पीळ देत बसते, तो सुटून उलटा फिरतो, तू रागावतोस. "एकट्याले वळलं का थो फिरतेच वं. दोघायले जोडीनं वळ, मंग भांडत नाहीत." जेवण करून तू बाजेवर आडवा होतोस. "पडतो जराक. तू वळत राय." मी वळत राहते, न सैल, न घट्ट. तू उठल्यावर तुला दाखवायचं आहे. दोर बाजेखालून दारापर्यंत गेला तेव्हा आई आली. तिनं तुला हाक मारली, पुन्हा मारली, मग हलवलं. तू माझ्यापासून हातभर लांब होतास बा, आणि मला काही कळलं नाही. दोर मात्र चांगला झाला होता. तुझी तिरडी त्यानंच बांधली.

फिटरनं वीज तोडली आणि तारा मीच वळल्या. त्याला हात लावू दिला नाही. अंथरूण पुढच्या टोकाला नेलं, बॅटऱ्या मागेच ठेवल्या. वीज जोडून होकायंत्र पुन्हा अंथरुणावर ठेवलं तर सुई उत्तरेला थांबली. डॉक्टरांनीही यंत्र तपासून हरकत नाही म्हटलं. तुझे जावई पाण्यावर परत आले, आल्या आल्या माशांची चौकशी, माझी नंतर.

आता सगळं ठीक आहे, असं मी सगळ्यांना सांगते. पण जेवण करून ते आडवे झाले, की माझे हात कामाला लागत नाहीत. छातीकडे बघत बसते, बोट हलते आहे की छाती, तेच समजत नाही. मग हाक मारते, "आवो, पक्कड कुठी ठेवली?" ते डोळे न उघडता खेकसतात, "तिथीच असन वं, पाह्य ना नीट." तेवढं ऐकलं की मी उठते आणि भांडी घासायला घेते. हिला विसर पडायला लागला, असं परवा ते आमच्या लेकीला फोनवर सांगत होते.

हे पत्र कुठे पाठवणार? इथेच फळीखाली राहील. तुला म्हणून सांगते बा, पक्कड माझ्या हातातच असते.