पहिल्या बाकावर शांताबाई

मंगळ., २४ फेब्रु.
शांताबाईवरचा आरोप खोटा होता. दुजोरा खुद्द आमच्या यांचा. काल पास्टरांच्या खोलीत दार लावून पाप कबूल केलं, आज जेवताना मला सांगितलं. दिवाळीनंतर चर्चचे पंच म्हणून भरल्या मंडळीत उभं राहून हेच म्हणाले होते, शांताबाई माहेरी चिचगडला जाऊन जुन्या देवापुढं कोंबडं कापून आली. तेव्हापासून तिला प्रभुभोजन, उपासनेत वाटतात ती भाकर, बंद. ती गेली होती आजारी भावाला बघायला. भाऊ जुन्या देवाचा, ते त्याचं तो बघेल. कोंबडं यांच्या डोक्यातलं. चर्चच्या सभेत तिनं यांना तोंडावर टोकलं होतं, तो राग.
पास्टरांनी प्रार्थना केली. क्षमा झाली म्हणे. शांताबाईला कुणी कळवलं? कुणी नाही.

बुध., २५
पास्टरांकडे गेले. देवापाशी मिटलं, आता तिला हळूच परत घेऊ, म्हणाले. मी म्हटलं, पेपरात जन्म गेला माझा. खोटी बातमी पहिल्या पानावर नि खुलासा आतल्या कोपऱ्यात, यावर डेस्कवर भांडले, इथंही भांडेन. बायकोनं नवऱ्याला सांभाळून घ्यावं, म्हणाले. चहा अर्धा ठेवून उठले.
घरी हे: "देवानं माफ केलं, तू काऊन उकरून राहिली?"
आवाज बारीक. वाईट वाटलं. तरी...

शुक्र., २७
शांताबाईकडे. सगळं सांगितलं. भाजी निवडत होती, हात थांबला नाही.
"मी तं कोंबडं खातच नाई. लबाडी कराची तं इचारून तरी कराची."
मग देठं सुपात टाकली.
"माफ कराले मले काय जाते, बाई? पन मांगाले कोनी आलंच नाई."
रविवारी माझ्या शेजारी बस म्हटलं, पहिल्या बाकावर. भाकरीचं ताट कोण आणतं, तिनं विचारलं. आमचे हेच, म्हटलं.
"मंग येतो."

शनि., २८
यांना सांगून टाकलं. ताट घेऊन आमच्यापाशी आलात की आधी मंडळीकडे वळून खरं काय ते बोला, मग तिला भाकर द्या. नाही बोललात तर ती घेणार नाही. मीही नाही.
लोक काय म्हणतील, म्हणाले. मी म्हटलं, तेव्हा लोकांसमोरच बोलला होता ना.
दुपारभर फोन हातात. वाटलं, ताट दुसऱ्या कुणाला द्या म्हणून पास्टरांना सांगतील. केला नाही. संध्याकाळी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला, माझ्याकडे न बघता.
उद्या दहाला उपासना. ताट पहिल्या बाकावर सगळ्यात आधी येतं.